अंबू, तो चौदावा परिच्छेद माझाच होता

अंबू,

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले, आणि मला अजून धड रडता आलेलं नाही. रडायला म्हणून बसते, तेवढ्यात तुझं काहीतरी आठवतं आणि हसू फुटतं. तेराव्याला जेवायला आलेली एक बाई म्हणाली, "अंबुजाबाईंचा स्वभाव किती शांत होता!" मी पदराआड तोंड लपवलं. खांदे हलायला लागले. ती बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, "रडा, रडा, मोकळ्या व्हा." झाले मोकळी. चांगली पाच मिनिटं हसले.

शांत म्हणे! फेस बसला म्हणून कॉफीचा डबरा-पेला तीनदा आत परत पाठवणारी तू.

तुझं शिक्षण, तुझी वकिली, तुझे सत्कार, हे सगळं इतरांनी छापून टाकलंय. मला त्यात पडायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुढे न्यायचंय. तुला मधे बोलता येणार नाही, म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझं वाक्य पुरं करायला मिळेल.

परक्या चार माणसांसाठी एवढं सांगून टाकते. अंबू माझी धाकटी नणंद, कुंभकोणच्या कोर्टातली वकील. मी तिची वैनी आणि तिची टायपिस्ट. माझं माहेर तंजावरचं, सासर इथलं, दोन्ही घरं मराठी. घरात आपण बोलतो तीच मराठी इथं उतरवली, तर पुण्याकडच्या वाचकांना वाटेल की तीनशे वर्षांपूर्वीची कुणी बाई पेटीतून उठून बसलीय. म्हणून जरा इस्त्री करून लिहितेय. तुझं बोलणं मात्र चुरगळलेलं आहे तसंच ठेवते.

मी लग्न होऊन आले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि अव्वल दर्जाची मूर्ख होते. टायपिंगची वरची परीक्षा पास झालेली, त्यामुळे कावेरीच्या दोन्ही काठांवर आपल्याइतकं शहाणं कोणी नाही अशी खात्री. तू मद्रासला कायदा शिकत होतीस. मी सासूबाईंना सल्ला दिला, की पोरीला वकील केलंत तर नवरा मिळायचा नाही. तू सुट्टीवर आलेली, दारातच उभी होतीस.

"नकोच गे वैनी," तू म्हणालीस. "तुझ्या नवऱ्याला मी जन्मापासून बघतेय. तेवढं पुरे झालं."

तुझा भाऊ वर्तमानपत्रामागे हसला. मी रुसले, पण दोन दिवसांनी. विनोद कळायला तेवढा वेळ लागला.

पुढे माडीवर तुझं ऑफिस आणि जिन्याखाली माझं मशीन, असा आपला संसार चाळीसेक वर्षं चालला. तू वरून कागद टाकायचीस, मी टाइप करून वर पाठवायची, तू न वाचता सही करायचीस. बाकीचे वकील कॉम्प्युटरवर गेले तरी तू गेली नाहीस. लोकांना सांगायचीस, "मशीनवर विश्वास नाही, वैनीवर आहे." हे वाक्य लक्षात ठेव. त्याच्यावरच तर मी घाव घातला.

आता पुष्पाकडे येते. चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. मी तेव्हा नुकती साठीची, म्हणजे तशी अजून पोरच.

पुष्पा दारासुरम्‌ची. तिचा नवरा सेल्वम् रेशमाच्या साड्या विणायचा, ती त्याच्या जोडीनं मागावर बसायची. माझ्या मुलीच्या लग्नातली साडी त्यांच्याच हातची. तेव्हापासून पुष्पा बाजाराला आली की आपल्याकडे कॉफी पिऊन जायची आणि तुझ्यासाठी विड्याच्या कोवळ्या पानांची जुडी आणायची. तिचा जन्म मलेशियातल्या रबराच्या मळ्यावरचा. आई गेली, तेव्हा सहा वर्षांच्या पोरीला तिची आजी इकडे घेऊन आली. आजीला अक्षर येत नव्हतं. पासपोर्ट म्हणजे शाळेच्या दाखल्यासारखं काहीतरी असावं, अशा समजुतीनं तिनं तो ट्रंकेत तळाशी ठेवला. पोर वाढली, विणायला शिकली, लग्न झालं, दोन मुली झाल्या. चाळिशीला आली तेव्हा एक दिवस ट्रंक उघडली, तर पासपोर्ट अर्धा वाळवीनं खाल्लेला.

आणि या शहाणीनं काय करावं? रेशनकार्ड फाटलं की आपण बदलून मागतो ना, तशी ती उरलेला अर्धा पासपोर्ट घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेली. "अय्या, साहेब, एवढा बदलून द्या."

तोवर ती परदेशी आहे हे दारासुरम्‌मध्ये कोणाला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

दोन महिन्यांनी वरून कागद आला: परवान्याशिवाय राहत आहात, पंधरा दिवसांत भारत सोडा. पुष्पा तो घेऊन आपल्या ओसरीवर येऊन बसली. तुला तिनं एकच विचारलं, "वकील अम्मा, सोडून कुठे जायचं, ते यात लिहिलंय का?"

मला आठवतं, तू पान लावत होतीस. चुन्याची डबी तशीच उघडी ठेवून माडीवर गेलीस.

मदुरैच्या हायकोर्टात अर्ज करायचं ठरलं. तू मजकूर खाली पाठवलास. मी वाचला आणि माझं डोकं फिरलं. त्यात पुष्पा नव्हतीच! नोटीस दिली नाही, बोलावलं नाही, कारण लिहिलं नाही, बस, एवढंच. तिचं चाळीस वर्षांचं आयुष्य कुठे गेलं? तिच्या मुली, तिचा मागावरचा हात, सासूच्या आजारपणात तिनं काढलेले दिवस? मी तुला न विचारता मशीनवर बसले आणि स्वतःच्या मनानं अकरा पानं जास्तीची झोडली. आज त्यातली काही वाक्यं आठवली की कानाची पाळी गरम होते. "याचिकाकर्तीच्या चेहऱ्यावर सदैव समाधान विलसत असते." असं मी इंग्रजीत लिहिलं होतं, अंबू. हायकोर्टासाठी.

तू जिन्यावरून पानं हलवत खाली आलीस. "हे काय आहे गे?"

"पुष्पा आहे."

"कोर्टाला पुष्पा नको."

"मग कोर्ट कशाला आहे?"

तू जिन्याच्या पायरीवर बसलीस. रागावली होतीस, पण समजावायच्या वेळी तुझा आवाज खाली यायचा, तसा आला. "ऐक वैनी. परक्या माणसानं देशात राहावं की नाही, हे सरकारनं ठरवायचं. कोर्ट त्यांच्या जागी बसून ठरवत नाही. कोर्ट रस्सम चाखत नाही, समजलं? करणाऱ्यानं हात धुतले होते का, एवढंच विचारतं. पुष्पा चांगली आहे म्हणून मी रडायला लागले, तर न्यायाधीश म्हणतील, असेल चांगली, आमचा काय संबंध? आणि केस जाईल. तिला बोलावलं नाही, हेच माझं एकटं हत्यार आहे. त्याच्यावर तू हे अस्कं सगळं गोड ओतू नकोस."

"आणि रस्सम खारट असलं तर?"

"तर पाच वर्षांनी मत देऊन आचारी बदलायचा. न्यायाधीश खारट निघाला तर त्याला कोण बदलणार?"

तेव्हा मी तुला विचारलं, ते तुला आठवत असेल. "पुष्पाचं मत कुठे आहे, अंबू? ज्या सरकारनं तिला जा म्हटलं, ते बदलायला तिच्याकडे मत आहे का?"

तू म्हणालीस, "चुना कुठे ठेवला मी?" आणि उठून गेलीस. या प्रश्नाचं उत्तर तू मला शेवटपर्यंत दिलं नाहीस. मी दर दिवाळीला मागायची. तू दर दिवाळीला चुना शोधायचीस.

अकरा पानं तू काढायला लावलीस. मी काढली. पण एक परिच्छेद मला काही सोडवेना. त्यात लिहिलेलं मी दारासुरम्‌ला जाऊन, पुष्पाच्या मागाशेजारी बसून, बघून आले होते. अंगाचा रंग वेगळा आणि काठाचा वेगळा अशी साडी असली, की तिथं मागावर दोन माणसं लागतात. सेल्वम् खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि रेशमाची नळी घातलेला अंगाचा धोटा फेकायचा. पुष्पा त्याच्या उजव्या अंगाला बसून काठाचा धोटा द्यायची. प्रत्येक फेकीला, दिवसभर. दोघं बोलतही नव्हती. सेल्वम्‌ला शिंक आली तेव्हा पुष्पाचा हात त्याच्याआधी थांबला. म्हणून तुझ्या तेरा परिच्छेदांनंतर मी तो चौदावा घातला, पुढचे आकडे बदलले, आणि कागद वर पाठवले. तू नेहमीसारखी सही केलीस.

बघ, साठाव्या वर्षी किती अक्कल होती मला! एखाद्या बाईचं घरदार टांगणीला लागलेलं, आणि मी परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरीसारखी खूश.

मदुरैला आपण दोघी गेलो. पुष्पा माझ्याशेजारी मागच्या बाकावर बसली. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी तिच्या कानात तमिळमध्ये सांगत होते. सरकारी वकील उभे राहिले. परदेशी माणसाला इथं राहण्याचा हक्क नाही, पाठवण्याचा सरकारचा अधिकार पूर्ण आहे, कोर्टानं त्यात शिरू नये. पुष्पानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "हवापाण्याचं बोलतायत."

मग न्यायाधीशांनी पान उलटलं, चष्मा वर केला आणि थांबले. "परिच्छेद चौदा," ते म्हणाले. त्यांनी तो मोठ्यानं वाचला: "याचिकाकर्तीच्या घरचा माग दोन माणसांचा आहे. काठ याचिकाकर्ती विणते. तिला पाठवून दिल्यास आज मागावर असलेली साडी अंगानं पुढे जाईल आणि काठ मागे राहील. अशी साडी होत नाही."

कोर्टात कोणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी तुझ्याकडे बघितलं. "बाई, हा कायद्याचा मुद्दा आहे का?"

तू मागे वळून बघितलं नाहीस. पण तुझी मान लाल होताना मला मागच्या बाकावरून दिसली. तू हातातले कागद चाळलेस, जणू तो परिच्छेद तुला शोधायला लागत होता. खरं तर तू तो जन्मात पहिल्यांदा वाचत होतीस. मी तेवढ्यात आपल्या गावातल्या सगळ्या देवांना, आणि कुंभकोणला ते थोडेथोडके नाहीत, नारळ बोलून झाले होते.

मग तू म्हणालीस, "नाही, माय लॉर्ड. हा कायद्याचा मुद्दा नाही. आणि कोर्टानं तो तोलावा, असंही मी म्हणत नाही. तोलायचं काम सरकारचं. माझं एवढंच म्हणणं आहे, की ज्यांनी तोलायचं, त्यांच्यापुढे हे आजवर कोणी ठेवलेलंच नाही. तिला बोलावलंच नाही. तिच्या घरात माग आहे, हे तिला जा म्हणणाऱ्या माणसाला माहीत नाही."

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, "माहीत होतं का?"

ते फाइल उलटीपालटी करत राहिले.

निकाल छोटा होता. ती राहणार की जाणार, हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा प्रांत नाही. पण ठरवणाऱ्यांनी आधी तिचं ऐकावं, मग कारणं लिहून ठरवावं, आणि तोवर तिला हलवू नये.

मला त्यातलं "हलवू नये" तेवढंच ऐकू आलं. मी पिशवीतून मैसूरपाकाचा डबा काढला आणि बाहेरच्या व्हरांड्यात वाटत सुटले. शिपायाला दिला, पट्टेवाल्याला दिला, पुढच्या केसमधल्या अनोळखी माणसांना दिला. सरकारी वकिलांनी दोन वड्या घेतल्या आणि चांगला झालाय म्हणाले. तू तरातरा आलीस आणि माझं मनगट धरून मला अंगणातल्या लिंबाखाली नेलंस.

"काय जिंकलं म्हणून वाटतीस गे? दार ठोठवायची परवानगी मिळालीय नुसती. आत काय म्हणतील ते त्यांची मर्जी. उद्या ऐकून घेऊन 'जा' म्हणाले, तर हेच कोर्ट मला दारात उभं करणार नाही!"

"बरं," मी म्हटलं. "वडी खा."

"आणि तो चौदावा परिच्छेद?"

"टायपिंगची चूक असेल."

"आख्ख्या परिच्छेदाची?"

"मशीन जुनं आहे."

"बत्तीस वर्षं मी तुझ्यावर विश्वास ठेवून सही केली, वैनी!"

"मग तेहतिसाव्या वर्षी वाचायचं होतंस."

पुष्पा आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिला वाटलं आपण हरलो. तुझ्या ते लक्षात आलं, आणि तू भांडण तिथंच सोडून तिच्यापुढे उकिडवी बसलीस आणि तिला सगळं पहिल्यापासून नीट सांगितलंस. मी हवापाणी सांगितलं होतं, तू खरं सांगितलंस. तुझ्यात आणि माझ्यात हाच फरक होता, आणि तो मला फार उशिरा मान्य झाला.

आठ दिवसांनी तू जिन्यावरून हाक मारलीस. "ती अकरा पानं कुठे आहेत?"

"कुठली अकरा पानं?"

"नाटकं नकोत. कोर्टाला पुष्पा नको होती. अधिकाऱ्याला हवीय. आता जेवढी आहे तेवढी दे."

मी कार्बन कॉपी जपून ठेवली होती. पण तुला दोन दिवस शोधायला लावलं. तेवढं व्याज मला हवंच होतं. त्यातही तू लाल पेन्सिल चालवलीस. "चेहऱ्यावरचं समाधान" उडालं. मुलींच्या शाळा राहिल्या, सासूची शुश्रूषा राहिली, माग राहिला.

अधिकाऱ्यानं सगळं वाचलं. मग कागद बाजूला ठेवून त्यानं पुष्पाला विचारलं, "मलेशियात तुमचं कोण आहे?" ती म्हणाली, "आई आहे. पुरलेली. कुठे, ते माहीत नाही." त्यानं तिला राहायला एक वर्ष दिलं.

मग दर वर्षी एक वर्ष. तू तिला चेन्नईला नेऊन तिच्या जन्माच्या देशाचा नवा पासपोर्ट काढून दिलास आणि दर वर्षी तिच्याबरोबर कचेरीत जात राहिलीस. मी म्हणायची, "पत्र टाइप करून देऊ?" तू म्हणायचीस, "नको, छापील अर्ज आहे, वरती चार ओळी हातानं लिहीन." मला ते लागायचं. वाटायचं, चौदाव्या परिच्छेदाची शिक्षा चाललीय. मी बोलले नाही. तूही बोलली नाहीस. आपण दोघी इतकं बडबडायचो, की न बोललेलं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

सगळीच कामं अशी फळली नाहीत, हेही लिहायला हवं. श्रीलंकेतून आलेले ते गणिताचे मास्तर, त्यांनाही इथंच राहायचं होतं. त्यांचं म्हणणं सरकारनं व्यवस्थित ऐकलं, व्यवस्थित कारणं लिहिली आणि व्यवस्थित नाही म्हटलं. तरी तू मदुरैला गेलीस. कोर्टानं कागद पाहिले आणि सांगितलं, यात आम्हाला बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मास्तर गेले. जाताना तुला नमस्कार करून गेले, तो तुला सोसला नाही. दोन दिवस तू जेवली नाहीस. मी तेव्हा पहिल्यांदा आपलं तोंड बंद ठेवलं. कोर्ट कशाला आहे, असं मी विचारलं असतं, तर त्या दिवशी तू चुनासुद्धा शोधला नसतास.

पाच वर्षांपूर्वी तू पुष्पाचा नागरिकत्वाचा अर्ज घातलास. चौकश्या झाल्या, कागद इकडून तिकडे फिरले. दवाखान्यातही तू मला विचारायचीस, "दारासुरम्‌चं काही आलं का?" नाकात नळी, आणि विचारणं हे. मी म्हणायची, "येईल." ते हवापाणीच होतं. तुलाही कळत होतं.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी निरोप आला. अर्ज मंजूर, शपथ घ्यायला या.

पुष्पा निरोप घेऊन आली ती आधी तुझ्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, "टायपिस्ट अम्मा, बरोबर कोण येणार?" मी पंचाहत्तर वर्षांची, गुडघे माझं ऐकत नाहीत. पण मी तुझं काळं पाकीट घेतलं, तुझा चष्मा उगाचच गळ्यात अडकवला आणि वकिलासारखी तोंड वाकडं करून निघाले.

कचेरीतली अधिकारी तरुण मुलगी होती. तिनं पुष्पाची फाइल उघडली. ही एवढी जाड. कागद जुळवताना ती एकेक वर्ष उलटत होती, आणि मी समोरून उलटं वाचत होते. टायपिस्टला उलटं वाचता येतं, हे तू विसरलीस. प्रत्येक वर्षाच्या छापील अर्जाला तुझ्या अक्षरातलं एक पत्र टाचलेलं. आणि प्रत्येक पत्रात, अंबू, प्रत्येक पत्रात: "अर्जदाराच्या घरचा माग दोन माणसांचा आहे. काठ अर्जदार विणते." शब्दन् शब्द. पहिल्या वर्षापासून गेल्या वर्षापर्यंत. शेवटच्या पत्रात तुझं अक्षर थरथरतंय, ओळ खाली घसरलीय, पण काठ मागे सुटलेला नाही.

म्हणून मला टाइप करू देत नव्हतीस तर! चोर कुठली.

त्या मुलीनं विचारलं, "अम्मा, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" मी म्हटलं, "नको गं, हसतेय." पण या वेळी हसत नव्हते.

शपथ तमिळमध्ये होती. पुष्पानं ती आदल्या दिवशी पाठ केली होती, तरी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मधे एका मोठ्या शब्दाशी ती अडखळली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. त्या मुलीनं सांगितलं, पुन्हा म्हणायची गरज नाही. पुष्पा म्हणाली, "असू दे, नीट होऊ दे." मग सही. मग दाखला हातात. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही रडेल, मी तिला धरीन, दोघी तुझी आठवण काढू, वगैरे. मी तशी तयारीही केली होती, रुमाल बाहेर काढून.

तिनं घड्याळ बघितलं. "अय्यो, अम्मा, चला चला! सकाळपासून धाकटीला मागावर बसवून आलेय. तिचा हात अजून ढिला आहे, काठ सैल पडेल."

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सगळी वाट धाकटीच्या हाताबद्दल बोलत राहिली. दारासुरम् आलं. बस थांबते न थांबते तोच ती उतरली, मागे न बघता गल्लीत शिरली. मी खिडकीतून हाका मारल्या, "पुष्पा! अगं, दाखला!" तो माझ्याकडे तुझ्या पाकिटात राहिला होता. इतकी वर्षं ही बाई बाजारात भाजी घ्यायला निघाली तरी परवान्याचा कागद कमरेला बांधून निघायची.

उद्या नेऊन देईन. आज दुपारी तो माझ्यापुढे टेबलावर आहे, तुझा चष्मा लावून वाचतेय. तुला ऐकायचं होतं ना? ऐक तर. नाव, पुष्पा. नवऱ्याचं नाव, सेल्वम्. जन्म कुठे, तर ते मलेशियातल्या गावाचं नाव, मला नीट म्हणता येत नाही.

आणि पत्ता, अंबू, पत्ता आहे दारासुरम्.